गेल्या सालचे हात

आमच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलेला माणूस बाहेर आला, की माझ्या काउंटरला टेकून हमखास विचारायचा, हे डॉक्टर आहेत का ज्योतिषी? कारण आत गेल्या गेल्या त्यांनी जीभ बघितलेली नसायची, नाडी धरलेली नसायची. "हात दाखव," एवढंच म्हणायचे. दोन्ही हात, तळवे वर. मग चष्मा कपाळावर चढवून ते त्या तळव्यांवरून अंगठा फिरवत बसायचे. रेषांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते घट्टे शोधत असायचे.

माझं मेडिकल त्यांच्या दवाखान्याला लागून आहे, पाथर्डीत, एसटी स्टँडमागच्या गल्लीत. मधली भिंत पातळ. त्यांचं निम्मं बोलणं मला दुकानात बसून ऐकू यायचं आणि उरलेलं पेशंट बाहेर येऊन सांगायचे. इतकी वर्षं शेजार केला, पण हा माणूस शहाणा की चक्रम, याचा निकाल मला शेवटपर्यंत लावता आला नाही. शेजारी औषधाचं दुकान असताना इतकी कमी औषधं लिहिणारा डॉक्टर मात्र दुसऱ्या कुणाच्या नशिबी आला नसेल.

त्यांच्याकडे नंबर लावायची पद्धत नव्हती. बाकावर आधी कोण येऊन बसलं याला किंमत नव्हती, हाताला होती. ज्याच्या तळव्याला घट्टे, तो आधी आत. त्यामुळे कापडदुकानदार, पतसंस्थेचे मॅनेजर, शाळेतले गुरुजी असे मऊ हातांचे सगळे लोक ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मागे ताटकळत बसायचे. एकदा कचेरीतले एक साहेब चिडून उठून गेले, तर डॉक्टरांनी दारातून हाक मारून त्यांना सांगितलं, गाडी राहू द्या, चालत जा, तेवढंच औषध होईल. माझाही हात त्यांनी बघितला होता. गोळ्यांची पाकिटं कापून कापून माझ्या उजव्या अंगठ्याला कात्रीचा एक घट्टा पडलाय. त्यावर त्यांनी बराच वेळ अंगठा फिरवला आणि म्हणाले, शेठ, एवढ्यावर अर्धी करंजी.

करंजीचं सांगायला हवं. डॉक्टर मूळचे भिंगारचे, ख्रिस्ती. नाताळला तिकडून बहिणीच्या हातच्या करंज्या यायच्या, पण आमच्याकडे नाताळात गावं ओस पडलेली असतात. सगळे उसाला गेलेले. म्हणून डॉक्टर बहिणीला पुन्हा चैत्रात करंज्या करायला लावायचे. तोडणाऱ्यांच्या टोळ्या परत आल्या की दवाखान्यात नाताळ साजरा व्हायचा, बाहेर ऊन रणरणत असताना. ज्याचा हात जितका खरबरीत तितक्या करंज्या. माझी अर्धी ठरलेली होती, आणि ती ते खरोखर मोडून द्यायचे.

पुरुष पेशंटला त्यांचा दुसरा प्रश्न करगोट्याचा असायचा. आमच्या बाजूला कमरेला करगोट्याचा दोरा नाही असा गडी सापडायचा नाही. तो सैल आहे का काचतोय, नवा घेतला तर का घेतला, जुना तुटला का पुरेना, हे डॉक्टर वकिलासारखे खोदून खोदून विचारायचे. वजनकाटा होता त्यांच्याकडे, पण त्यावर भरवसा नव्हता. काटा सगळ्या चरबीला एकाच मापानं मोजतो, म्हणायचे. मांडीवरची चरबी बिचारी गरीब असते, पोटातली भांडखोर. "हातपाय काड्या आणि करगोटा काचतोय," असं भिंतीपलीकडून ऐकू आलं, की मी इकडे शुगरच्या गोळ्यांचा खोका खाली काढून ठेवायचो.

डी. फार्मला असताना फॅटी ॲसिड हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता आणि पेपर देऊन विसरलो होतो. तो मला कळला त्या भिंतीपलीकडून. डॉक्टरांच्या टेबलावर फिरकीच्या झाकणाची एक काचेची बरणी असायची, रिकामी. शेजारी बशीत गुळाचे खडे आणि करडईच्या तेलाची बाटली. शुगरचा नवा पेशंट आला, की ते त्याच्या तळव्यांवर तेल ओतायचे, नीट चोळायला लावायचे आणि सांगायचे, आता बरणी उघड आणि हा गूळ आत ठेव. माणूस झाकणाशी झटायचा. हात नुसते घसरायचे. बाहेर बसलेले लोक दारातून बघत हसायचे, आणि मग डॉक्टर सुरू करायचे.

"बरणी म्हणजे तुझी मांडी, तुझा दंड. गूळ म्हणजे रक्तातली साखर. ती आत जाऊन जळली पाहिजे. झाकण उघडणारा हात म्हणजे इन्सुलिन. तुझ्या हातात बळ नाही का? आहे. झाकण मोडलंय? नाही. मग अडलं कुठं? तेलावर अडलं. पोटातली चरबी सुटी होऊन रक्तात फिरते. तिला म्हणतात फॅटी ॲसिड. जागा मिळेल तिथं जाऊन बसते, मांडीत बसते, काळजात बसते. तिथं तेलकट झालं की इन्सुलिनचा हात घसरतो आणि गूळ बाहेर पडून राहतो. लोकांना गूळ दिसतो. तेल कुणाला दिसत नाही."

काळजाचं, म्हणजे लिव्हरचं, त्यांना वेगळं सांगावं लागायचं नाही. बोकडाचं काळीज सगळ्यांनी शिजवलेलं असतं. चांगलं काळीज तांबडं असतं, ते म्हणायचे, तुझं चरबीनं पिवळट पडलंय, आणि असं काळीज तू उपाशी झोपलास तरी आपल्या पदरची साखर रक्तात सोडत बसतं. यावर म्हातारी माणसं घाबरून पोटावर हात ठेवायची. आमच्याकडे एक समजूत होती, अजूनही आहे, की ऊस तोडून, ऊस खाऊन, अंगात साखर मुरते आणि शुगर होते. लोक मोठ्या तोऱ्यात येऊन सांगायचे, चहातली साखर सोडली बघा. आणि संध्याकाळी स्टँडवर भज्यांचा घाणा उतरला की हेच लोक तिथं पहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढं म्हणून डॉक्टर पुढचा हात बघायला घ्यायचे.

हे वेड त्यांना लहानपणीच लागलं असावं. वडील भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये कामाला होते. तिथले जवान तुपात बुडवून खायचे आणि लोखंडासारखे असायचे. तेच जवान पेन्शनीवर आले, बाजारात खुर्ची टाकून बसायला लागले, की ताट तेच आणि वर्षा-दोन वर्षांत शुगर. चरबी खाल्ल्यानं माणूस बिघडत नाही, न जाळल्यानं बिघडतो, हे मी शाळेत असताना बघितलं, असं ते सांगायचे. कॉलेजात त्याचं नाव कळलं, एवढंच.

म्हणून पाथर्डीत दवाखाना टाकला, असं ते म्हणायचे. त्यात थोडी फुशारकी होती, पण खोटं नव्हतं. आमच्या तालुक्यातला माणूस वर्षातले निम्मे महिने मजूर असतो आणि निम्मे महिने घरी बसलेला असतो. दसरा-दिवाळीला ट्रकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्याच्या गावी जायचं, पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. मांडीतलं तेल असं जळतं की गोळीची गरजच कमी होते. घरी बसल्या महिन्यांतली पूर्ण गोळी त्या कामावर खाल्ली, तर साखर धाडकन उतरते आणि माणूस हातातल्या कोयत्यासकट उसात आडवा होतो. असा एक गडी पडलाही होता, डॉक्टर नवीन असताना. तेव्हापासून त्यांनी नेम धरला. जायच्या दिवशी ते नाक्यावर खुर्ची टाकून बसायचे. भरलेल्या गाड्या थांबवायचे. भांडी, कोंबड्या, झोपडीच्या, म्हणजे कोपीच्या, बांबूच्या तट्ट्या यांच्यामधून माणसं हात बाहेर काढायची, आणि डॉक्टर घट्टे बघून सांगायचे, तुझी गोळी अर्धी, तुझी बंद, तुझी आहे तशी. टोळ्या नेणारे मुकादम कावायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. माझ्या दुकानात त्या दिवशी अर्ध्या गोळ्यांचा धंदा चालायचा.

गहिनीनाथ हा त्यांचा लाडका पेशंट. चाळिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. तो आणि त्याची बायको कौसाबाई लग्नापासून उसाला जायचे. त्याला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रीतीप्रमाणे त्याच्या हातावर तेल ओतलं आणि बरणी पुढं केली. गहिनीनं ती उघडली. एका हिसक्यात उघडली आणि गूळ आत टाकून बरणी परत ठेवली. त्याच्या तळव्यांवर इतके जाड घट्टे होते की तेलाचा काही उपयोगच झाला नाही. डॉक्टर उठून उभे राहिले. भिंतीवर थापा मारून मला बोलावून घेतलं, बाकावरच्या सगळ्यांना आत घेतलं आणि गहिनीचा हात वर धरून म्हणाले, बघा, हा हात. गहिनी लाजून खाली बघत होता. तेव्हापासून दर साली जायच्या दिवशी हा कार्यक्रम व्हायचा. डॉक्टर गाडीतल्या सगळ्यांना गहिनीचा हात दाखवायचे आणि त्याची गोळी अर्धी करायचे.

मी सांगतोय त्या सालीही तसंच झालं. मी तिथंच होतो, गोळ्यांची पिशवी घेऊन. गहिनीनं हात पुढं केला. हात नेहमीसारखाच होता. डॉक्टरांनी तो वर धरला, चार शब्द कौतुकाचे बोलले आणि सांगितलं, अर्धी. गहिनी काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. मागं कौसाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मला वाटलं, कौतुकाला हसतेय. गाडी निघून गेली.

माघाच्या सुमाराला एका दुपारी डॉक्टर माझ्या दुकानात स्टुलावर बसून पेपर वाचत होते. त्यांचा फोन वाजला. ऐकायला कमी यायला लागलं होतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्यानं लावायचे. कौसाबाई होती, श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्याच्या थळातून, तोडणाऱ्यांच्या वस्तीतून.

"साहेब, ह्यांच्या पायात उसाचं धसकाट घुसलंय. लई दिस झालं. पायावर माश्या बसत्यात, अन् ह्यांना काय कळंना बी."

डॉक्टरांनी विचारलं, असल्या पायानं तो कोयता धरतो कसा?

"कुठला कोयता? दसऱ्यापासून मुकादम झालेत की ते. मोटारसायकलवर फिरत्यात दिसभर. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी पेपर मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला कुणी बोललं नाही."

"तुमी इचारलंच न्हाई, साहेब. तुमी हात बघितला."

पेपर त्यांच्या मांडीवरून खाली घसरला होता, तो मी उचलला. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, शेठ, शटर ओढा. जीप करून आम्ही तसेच निघालो. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. इतक्या लोकांना रांगेत उभं करून हात बघणाऱ्या माणसाला एक साधा प्रश्न सुचू नये. पण शेजारी बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघितल्यावर राग फार वेळ टिकला नाही.

गहिनी कोपीसमोर बाजेवर होता. करगोटा नवा होता, लांब. मुकादम झाल्यापासून काय चाललं होतं ते कौसाबाईनं सांगितलं. या फडातून त्या फडात मोटारसायकल, कारखान्याच्या गेटवर चहा, ड्रायव्हर लोकांबरोबर ढाब्यावर तर्रीचं मटण. कोयत्याला हात नाही. आणि गोळी मात्र इमानानं अर्धी, डॉक्टरांनी सांगितलेली. साखर महिनोन्महिने चढत राहिली, पायाची जाण आधीच कमी झालेली, त्यात तोडलेल्या फडातून चपला घालून चालताना उसाचा खुंट पायात घुसला आणि त्याला ते कळलंच नाही. चिंधी बांधून तो फिरत राहिला. पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि वास येत होता.

नगरच्या दवाखान्यात सर्जननं पाय बघितला आणि बाहेर येऊन सांगितलं की बोटांवर भागलं तर ठीक, नाहीतर गुडघ्याखालून काढावा लागेल, आत गेल्याशिवाय सांगता येणार नाही. डॉक्टरांनी मान हलवली. आम्ही तिघं बाकावर बसलो. कौसाबाई मधे. पाय गेला तर मुकादमकी गेली, कोयता तर कधीच गेला, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. डॉक्टर आपल्याच तळव्यांकडं बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्यांचे हात बाईसारखे मऊ होते. ते म्हणाले, "कौसाबाई, चूक माझी आहे."

"त्यांची बी हाय," ती म्हणाली. "सगळ्यांम्होरं हाताचं कवतिक चाललं हुतं. त्यात कसं सांगावं, आता तोडणार न्हाई म्हणून? लाज वाटली त्यांना."

पाय वाचला. दोन बोटं गेली.

चैत्रात तो काठी टेकत दवाखान्यात आला. बाकावर लोक होते, करंज्यांचा डबा भिंगारहून आलेला होता. डॉक्टरांनी त्याला सगळ्यांसमोर बसवलं, हातावर तेल ओतलं आणि बरणी दिली. झाकण फिरेना. गहिनीनं दातओठ खाल्ले, पण हात नुसते घसरत होते. त्याचे तळवे पांढरट, मऊ झाले होते. या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी बरणी काढून घेतली आणि बाकावरच्या लोकांना म्हणाले, "घट्टे गेल्या सालचे असतात. मी दसऱ्याला याचा गेल्या सालचा हात बघितला आणि पुढच्या सालची गोळी दिली. पुढचं तोंडानं विचारायचं असतं."

मग त्यांनी गहिनीला अख्खी करंजी दिली, हात न बघता. कौसाबाईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली, मोडली आणि अर्धी परत दिली.

त्यानंतर डॉक्टरांचं हात बघणं सुटलं नाही, तेवढे ते सुधारणारे नव्हते. पण हात बघून झाला की ते चष्मा डोळ्यांवर घ्यायचे आणि विचारायचे, यंदा काय करणार? हा प्रश्न त्यांनी वेळेवर धरला म्हणायचा, कारण तेव्हाच आमच्याकडं उसाची मशिनं आली. पूर्वी गाडीत बसलेला प्रत्येक माणूस तोडणाराच असायचा. आता कुणी मशिनवर ड्रायव्हर, कुणी डिझेलच्या गाडीवर, कुणी नुसता फडावर राखणीला. घट्टे सगळ्यांनाच असायचे, जुने. पण डॉक्टरांना लोक पूर्ण खरं सांगायचे नाहीत. मोठ्या माणसासमोर आपण बसून खातो असं कोण सांगेल? गहिनीपुढं मात्र कुणाची बनवाबनवी चालायची नाही. तो फडातलं सगळं जाणून होता. म्हणून डॉक्टरांनी नाक्यावर आपल्या शेजारी दुसरी खुर्ची टाकली आणि प्रश्न त्याच्याकडं दिला. हे हात बघायचे, तो विचारायचा. दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही.

डॉक्टर गेल्या उन्हाळ्यात गेले. भिंगारला पुरलं. टोळ्या परत आलेल्या होत्या, त्यामुळे इथून दोन पिकअप भरून माणसं गेली. त्यांच्यातली रीत कुणाला माहीत नव्हती, पण मूठभर माती टाकायची असते एवढं कळलं, आणि ती सगळ्यांना जमली. मी माती टाकली तेव्हा हात झटकायचं मला भान राहिलं नाही. गाडीत बसल्यावर बघितलं तर मूठ तशीच मिटलेली होती.

दवाखान्यात आता एक मॅडम बसतात. हुशार आहेत, नंबरानं पेशंट घेतात, गोळ्या रीतसर लिहितात. बरणी त्यांनी कपाटावर ठेवलीय. यंदा दसऱ्यानंतर गाड्या निघायच्या दिवशी मी सवयीनं नाक्यावर गेलो, तर गहिनी तिथं आधीच येऊन बसला होता. काठी मांडीवर आडवी. शेजारची खुर्चीही त्यानं आणून टाकली होती, रिकामी. एक ट्रॉली थांबली. वरून तिशीतल्या एका गड्यानं, शुगरच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतो तो, दोन्ही हात बाहेर काढून तळवे वर केले. चांगले जाड घट्टे होते.

गहिनीनं तिकडं बघितलंही नाही.

"हात नगं दावू," तो म्हणाला. "हात माझा बी चांगला हुता. यंदा काय करनार, त्ये बोल."

गडी घुटमळला. "मशिनीवर हाय. डायवर."

"मंग उतर खाली. मॅडमला भेटून ये. गाडी थांबंल."